चिकाची पावडर डब्यात, पण ताकद गोठ्यात! गाय कशी सांभाळली यावर ठरतो चिकाचा कस

गाय व्याली की गावात पहिला प्रश्न ठरलेला: "काय झालं, कालवड की गोऱ्हा?" आणि त्याच्या मागोमाग दुसरा: "चीक कधी देताय?"

आपल्याकडे चीक विकायची पद्धत फारशी नव्हती. पहिला देवाला, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायचा आणि उरलेल्याचा घरात गूळ-वेलदोडा घालून खरवस करायचा. आता मात्र हाच चीक पावडर आणि कॅप्सूल होऊन मोबाईलच्या जाहिरातीत आला आहे. "रोगप्रतिकारशक्ती वाढवा", "गुडघेदुखी घालवा", "शुगर आटोक्यात आणा" असं सांगत महागडे डबे विकले जात आहेत. काही दूध उत्पादक विचारतात, "आपल्या गोठ्यात बादलीभर चीक निघतो, तो आपणही विकावा का?" तर काही जण विचारतात, "आई-वडिलांना ही पावडर चालू करावी का?"

या दोन्ही प्रश्नांचं उत्तर शोधायला गोठ्यात जावं लागतं. डब्यावर कितीही चकचकीत कागद लावला, तरी आतल्या पावडरीचा कस त्या गायीच्या शेवटच्या दोन महिन्यांत आणि व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत ठरलेला असतो. कारखाना तो कस फार तर टिकवू शकतो, वाढवू शकत नाही.

चिकात असं असतं तरी काय?

साध्या दुधात सुमारे १२ ते १३ टक्के घन पदार्थ असतात, बाकी पाणी. पहिल्या धारेच्या चिकात हेच प्रमाण २४ टक्क्यांच्या आसपास जातं. दुधात प्रथिनं साधारण ३ टक्के, तर चिकात १४ टक्क्यांपर्यंत. फॅट जास्त, अ जीवनसत्त्व कितीतरी पट जास्त आणि दुधातली साखर मात्र कमी. म्हणून तर चीक तापवला की घट्ट होतो, दुधासारखा उकळत नाही.

पण चिकाची खरी किंमत आहे ती त्यातल्या प्रतिपिंडांमुळे. प्रतिपिंड म्हणजे रोगजंतूंना ओळखून पकडणारी प्रथिनं. त्यातला मुख्य प्रकार म्हणजे 'आयजीजी'. चांगल्या चिकाच्या एका लिटरमध्ये किमान ५० ग्रॅम आयजीजी असावं, असं जगभरातले पशुवैद्यक धरून चालतात. काही गायींच्या चिकात ते १०० ग्रॅमच्या वर असतं, तर काहींच्या चिकात २० ग्रॅमसुद्धा नसतं. दोन बादल्या शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फरक कळेलच असं नाही.

हे प्रमाण धारेगणिक घसरतं. पहिल्या धारेत जेवढे प्रतिपिंड असतात, त्याच्या निम्म्याहून कमी तिसऱ्या धारेत उरतात. तीन-चार दिवसांनी ते जवळपास साधं दूधच असतं. म्हणजे "चीक" हा शब्द एकच असला, तरी पहिल्या धारेचा चीक आणि तिसऱ्या दिवसाचा चीक या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

रंगावर जाऊ नका. गायीचा चीक पिवळा दिसतो तो हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटीनमुळे. म्हैस कॅरोटीनचं थेट अ जीवनसत्त्व करते, म्हणून तिचा चीक पांढरट असतो. पिवळाधमक म्हणजे ताकदीचा, हे गणित बरोबर नाही.

वासरासाठी घड्याळ चालू झालेलं असतं

माणसाचं बाळ पोटात असतानाच आईकडून बरेचसे प्रतिपिंड घेऊन जन्माला येतं. गायीचं तसं नाही. गायीच्या वारेची रचना अशी असते की प्रतिपिंड तिथून वासरापर्यंत पोचत नाहीत. त्यामुळे वासरू जन्मतं तेव्हा जवळपास निहत्थं असतं. त्याची पहिली ढाल म्हणजे चीक.

त्यातही वेळेची मोठी अट आहे. नवजात वासराच्या आतड्यातून प्रतिपिंड अखंड रक्तात जाऊ शकतात, पण हे दार काही तासच उघडं असतं. पहिल्या २ तासांत पाजलेला चीक सगळ्यात चांगला लागू पडतो. ६ तासांनंतर दार झपाट्याने मिटत जातं आणि २४ तासांत जवळपास बंद होतं. त्यानंतर चार लिटर चीक पाजला, तरी तो अन्न म्हणून पचतो. ढाल म्हणून रक्तात जात नाही.

किती पाजायचा? वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा, हा सोपा हिशेब. ३० किलोच्या संकरित वासराला पहिल्या पाजणीत सुमारे ३ लिटर, २० किलोच्या देशी वासराला २ लिटर. पुढच्या १२ तासांच्या आत आणखी एकदा. आता गणित करून बघा. लिटरला ५० ग्रॅम आयजीजी असलेला ३ लिटर चीक म्हणजे १५० ग्रॅम. हाच चीक निकृष्ट, लिटरला २० ग्रॅमचा निघाला, तर वासराला मिळाले फक्त ६० ग्रॅम. पोट भरलेलं दिसतं, पण वासरू उघडंच राहतं. मग आठव्या-दहाव्या दिवशी हगवण लागते, छाती भरते आणि आपण म्हणतो, "चीक तर पोटभर पाजला होता."

"वार पडल्याशिवाय चीक नको" ही समजूत सोडा

आपल्या भागात अजूनही काही घरांत वार पडेपर्यंत गायीला हात लावत नाहीत. "आधी वार पडू दे, मग धार काढू", असं घरातली जुनी माणसं सांगतात. ती काळजीपोटी सांगतात, पण यात वासराचा मोलाचा वेळ जातो. वार पडायला कधी कधी ८ ते १२ तास लागतात. तोवर वासराच्या आतड्याचं दार अर्धं बंद झालेलं असतं.

उलट वासरू सडाला लागलं किंवा धार काढली, की गायीच्या अंगात पान्हा आणणारं ऑक्सिटोसिन तयार होतं. त्याने गर्भाशय आकुंचन पावतं आणि वार पडायला मदतच होते.

शिवाय चीक कासेत जितका जास्त वेळ राहील, तितका तो पातळ होत जातो, कारण कासेत नवीन दूध उतरून त्यात मिसळत असतं. व्याल्यानंतर ताबडतोब काढलेल्या आणि १४ तासांनी काढलेल्या चिकाची तुलना अमेरिकेतल्या एका अभ्यासात केली, तेव्हा आयजीजीचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलेलं आढळलं. म्हणजे उशिरा काढलेला चीक वासराला दोन्हीकडून मार देतो: चीक कमजोर आणि आतड्याचं दार बंद.

गोठ्यातल्या कोणत्या गोष्टींनी चिकाचा कस ठरतो?

१) आटवण्याचा काळ. रक्तातले प्रतिपिंड कासेत उतरायला व्यायच्या काही आठवडे आधी सुरुवात होते. त्यासाठी कास रिकामी आणि विश्रांतीत हवी. म्हणून गाय व्यायच्या सुमारे ६० दिवस आधी आटवावी. "अजून चार लिटर देतेय, कशाला आटवायची?" म्हणून शेवटपर्यंत पिळलेली गाय तीन आठवडेही आटलेली नसेल, तर चीक कमी निघतो आणि हलकाही निघतो. चार लिटरच्या लोभात पुढच्या वेताचं नुकसान होतं.

२) शेवटच्या दोन-तीन महिन्यांतला खुराक. आटलेली गाय दूध देत नाही, म्हणून तिला नुसत्या वाड्यावर किंवा कडब्यावर ठेवण्याची सवय आहे. पण याच काळात वासरू पोटात सगळ्यात वेगाने वाढतं आणि चीक तयार होतो. हिरवा चारा, मुरघास, थोडी पेंड आणि खनिज मिश्रण या काळात तोडू नका. अ आणि ई जीवनसत्त्व, सेलेनियम यांसारखी द्रव्यं चाऱ्यातूनच चिकात उतरतात. मात्र गाय अति लठ्ठही होऊ देऊ नका. त्याने व्याल्यावर दुसरे आजार मागे लागतात.

३) बुरशी आलेला चारा. भिजलेली सरकी पेंड, काळा पडलेला मका, वरून कुजलेला मुरघास खाऊ घातला तर बुरशीचं विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, दुधात आणि चिकात उतरतं. ते उकळून जात नाही. पावडर केली तर पाणी उडतं, विष मागे राहतं.

४) ऊन. आपल्याकडे एच.एफ. संकरित गायी जास्त, आणि या गायींना उन्हाळा सोसत नाही. गाभण गायीला शेवटच्या महिन्यांत उष्णतेचा ताण बसला, तर चिकातले प्रतिपिंड घटू शकतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठाच्या अभ्यासांत असंही दिसलं की अशा गायींची वासरं वजनाने कमी भरतात आणि चीक चांगला असला, तरी त्यातले प्रतिपिंड त्यांना कमी लागू पडतात. आपल्याकडे पंखा आणि फॉगर दुभत्या गायींवर, आणि आटलेली गाय मागच्या बाजूला उन्हात बांधलेली, असं चित्र बऱ्याच गोठ्यांत दिसतं. सावली आणि गार पाणी या गायीला आधी हवं.

५) गाय त्या गोठ्यात किती दिवस आहे. गायीच्या अंगात प्रतिपिंड तयार होतात ते तिने पाहिलेल्या जंतूंविरुद्ध. लोणी किंवा घोडेगावच्या बाजारातून दिवस भरलेली गाय आणली आणि चार दिवसांत व्याली, तर तिच्या चिकातली ढाल जुन्या मालकाच्या गोठ्यातल्या जंतूंसाठी असते, तुमच्या गोठ्यातल्या नव्हे. घ्यायचीच असेल तर व्यायच्या निदान महिनाभर आधी आणा.

६) लसीकरण. लस टोचलेल्या गायीच्या चिकात त्या रोगाविरुद्धचे प्रतिपिंड उतरतात. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलाची लस २०१९ पासून केंद्राच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमातून मोफत दिली जाते. ब्रुसेलाची लस ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना एकदाच देतात. गाभण गायीला कोणती लस कोणत्या महिन्यात द्यायची, हे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

७) वेत आणि जात. पहिलारू गायीपेक्षा तिसऱ्या-चौथ्या वेताच्या गायीचा चीक सहसा जास्त ताकदीचा असतो, कारण तिने जास्त जंतू पाहिलेले असतात. जर्सीचा चीक एच.एफ.पेक्षा दाट असतो. खूप चीक देणाऱ्या गायीत तो थोडा पातळ असू शकतो. पण हा साधारण कल आहे, नियम नव्हे. पहिलारूचा चीक न मोजता फेकून देऊ नका.

८) व्यायच्या आधी गळणारी कास. काही गायींची कास व्यायच्या आधीच गळायला लागते, तर काही जण कास तट्ट झाली म्हणून आधीच धार काढतात. त्यात सगळ्यात कसदार चीक निघून जातो. अशा गायीच्या वासरासाठी दुसऱ्या गायीचा चांगला चीक शोधून ठेवावा.

९) दगडी. कासदाह झालेल्या सडातला चीक, गाठी पडलेला, रक्ताळलेला किंवा वास येणारा चीक वासरालाही नको आणि माणसालाही नको. आटवताना सडात प्रतिजैविकाची ट्यूब भरली असेल तर ती तारीख लिहून ठेवा. गाय वेळेआधी व्याली तर औषधाचा अंश चिकात राहू शकतो.

१०) स्वच्छता. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. शेणाने भरलेली कास, नुसती पाण्याने विसळलेली बादली, हात न धुता काढलेली धार यांतून जंतू चिकात जातात. चीक म्हणजे जंतूंसाठीही पंचपक्वान्न. उबदार हवेत काही जंतू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. या वेगाने एका जंतूचे सहा तासांत अडीच लाखांहून जास्त होतात. हे जंतू आतड्यात प्रतिपिंडांना चिकटून त्यांना रक्तात जाऊ देत नाहीत. म्हणून मोजमापात उत्तम आलेला चीकसुद्धा घाणीमुळे वाया जाऊ शकतो.

कस मोजायचा कसा? द्राक्षवाल्याकडचं यंत्र चालतं

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. द्राक्ष, डाळिंब, ऊस करणाऱ्या शेतकऱ्याकडे गोडी बघायचं छोटं यंत्र असतं, 'ब्रिक्स' दाखवणारं रिफ्रॅक्टोमीटर. तेच चिकासाठी वापरता येतं. काचेवर चिकाचा एक थेंब टाका, झाकण लावा, उजेडाकडे धरून आकडा वाचा.

आकडा २२ किंवा त्याहून जास्त आला, तर चीक चांगला धरायचा. म्हणजे लिटरला साधारण ५० ग्रॅम किंवा अधिक आयजीजी. १८ ते २२ मध्ये आला तर मध्यम, म्हणजे जास्त पाजावा लागेल. १८ च्या खाली आला तर पहिल्या पाजणीसाठी त्याच्यावर विसंबू नका. यंत्र वापरण्याआधी साध्या पाण्याने शून्यावर आणायला आणि नंतर काच पुसायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी द्राक्षाचा आकडा चुकेल!

चांगला चीक जास्त निघाला तर तो स्वच्छ बाटलीत भरून, वर तारीख आणि गायीचं नाव लिहून डीप फ्रीजरमध्ये ठेवा. उणे २० अंशांवर तो वर्षभरसुद्धा टिकतो. साध्या फ्रिजमध्ये फार तर दोन दिवस. गाय व्याल्यावर मेली, आटली किंवा चीक खराब निघाला, तर हीच बाटली वासराचा जीव वाचवते. बाटली ५० अंशांच्या आतल्या कोमट पाण्यात ठेवून सावकाश वितळवा. गॅसवर ठेवलीत तर वासराला खरवस मिळेल, प्रतिपिंड नाहीत.

चीक नसेल तर दूध, अंडं आणि एरंडेल यांचं मिश्रण देण्याची पद्धत आहे. त्यातून पोषण मिळतं, पण गायीचे प्रतिपिंड त्यात नसतात. चिकाची जागा ते भरून काढत नाही.

गोठ्यातून डब्यापर्यंत

आता पावडरीकडे येऊ. न्यूझीलंडसारख्या देशात गायी कुरणावर चरतात आणि बहुतेक गायी जुलै ते सप्टेंबरच्या सुमारास एकाच हंगामात व्यातात. त्यामुळे एका वेळी भरपूर चीक गोळा होतो, लगेच थंड होतो आणि त्यावर प्रक्रिया करणं परवडतं. आपल्याकडे दोन-चार, फार तर दहा-वीस गायी, त्याही वर्षभर पुढेमागे व्याणाऱ्या. एका घरचा चार लिटर, दुसऱ्या घरचा तीन लिटर, कुठे पहिल्या धारेचा, कुठे तिसऱ्या दिवसाचा. हे एका कॅनमध्ये ओतलं की सगळ्याचा कस सगळ्यात हलक्याच्या दिशेने जातो. आणि एका घरची दगडी किंवा औषध सगळ्या कॅनला लागतं.

चांगल्या कारखान्यात आधी औषधाच्या अंशाची आणि जंतूंची तपासणी होते. मग साय काढतात, बेताच्या तापमानाला जंतू मारतात आणि वाळवून पावडर करतात. इथे तारेवरची कसरत आहे. ६० अंश तापमान तासभर ठेवलं तर बरेच जंतू मरतात आणि आयजीजी बऱ्याच अंशी टिकतं. त्याच्या फार वर गेलं की प्रतिपिंड मोडतात आणि चीक गोठायला लागतो. म्हणजे गोठ्यात घाण झालेला चीक कारखान्यात "कडक तापवून शुद्ध" करता येत नाही. तसं केलं तर जे विकायचं तेच नष्ट होतं. गोठ्यातली स्वच्छता पावडरीसाठी इतकी महत्त्वाची आहे ती याच कारणाने.

वासरांसाठीची चिकाची पावडरही मिळते. घेताना एकच प्रश्न विचारा: एका पाकिटात आयजीजी किती ग्रॅम? पावडरीत २० टक्के आयजीजी असेल तर १५० ग्रॅम मिळायला ७५० ग्रॅम पावडर लागेल. पन्नास ग्रॅमच्या पुडीने चिकाचं काम होत नाही. ती जोड म्हणून ठीक, बदली म्हणून नाही.

मग माणसांनी ही पावडर घ्यावी का?

इथे हिशेब नीट समजून घ्या. समजा ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल आहे आणि तिच्यात २० टक्के आयजीजी आहे. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये १०० मिलिग्रॅम. चांगल्या चिकाच्या एका लिटरमध्ये ५० ग्रॅम असतं. म्हणजे त्या लिटरची बरोबरी करायला ५०० कॅप्सूल लागतील!

दुसरी गोष्ट, मोठ्या माणसाचं आतडं नवजात वासरासारखं उघडं नसतं. गायीचे प्रतिपिंड आपल्या रक्तात जाऊन "प्रतिकारशक्ती" होत नाहीत. बराचसा भाग इतर प्रथिनांसारखा पचून जातो, काही आतड्यात काम करतो. विशिष्ट जंतूंची लस देऊन तयार केलेल्या गायींच्या चिकाने काही प्रकारच्या जुलाबात फायदा झाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. पण तो त्याच जंतूसाठी, खास बनवलेला चीक होता. बाजारातला साधा डबा म्हणजे ते नव्हे. मधुमेह, कर्करोग, सांधेदुखी बरी होते, हे दावे सिद्ध झालेले नाहीत. अशा दाव्यावर विसंबून चालू गोळ्या बंद करणं हे तर जिवावर बेतणारं आहे.

काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा:

– नवजात बाळाला गायीचा चीक किंवा त्याची पावडर देऊ नका. बाळासाठी आईचं पहिलं चिकाचं दूध, तेही जन्मल्यापासून तासाभराच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेचाही हाच सल्ला आहे.

– दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असणाऱ्यांनी ही पावडर टाळावी. गरोदर बाई, किडनी-लिव्हरचे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

– पैलवान, कबड्डीपटू, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं यांच्यात अशा पावडरी फिरतात. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी सावध राहावं. जागतिक उत्तेजक विरोधी संस्था 'वाडा' चिकावर बंदी घालत नाही, पण घेऊ नका असं सांगते, कारण त्यातल्या वाढीच्या घटकांचा चाचणीच्या निकालावर परिणाम होऊ शकतो.

– कच्चा चीक पिऊ नका. ब्रुसेला, क्षयासारखे रोग त्यातून माणसाला होऊ शकतात. खरवस वाफवलेला असतो, म्हणून तो सुरक्षित. त्यात प्रतिपिंड उरत नाहीत, पण प्रथिनं भरपूर. खरवस चवीने खावा, औषध म्हणून नाही.

डबा घ्यायचाच असेल तर लेबल वाचा. एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक आहे का? आयजीजीचं प्रमाण टक्क्यांत किंवा मिलिग्रॅममध्ये दिलं आहे का, की नुसतं "शुद्ध कोलोस्ट्रम" लिहिलं आहे? "औषधी वापरासाठी नाही" ही सूचना आहे का? एकीकडे ही सूचना आणि दुसरीकडे विकणाऱ्याच्या तोंडी रोग बरा करायची हमी, असं असेल तर तिथूनच परत फिरा.

चीक विकायचा का?

कायद्याने दूध म्हणजे चीक नसलेलं दूध. म्हणून डेअरीच्या कॅनमध्ये चीक टाकायचा नसतो. एकाने टाकला की सगळ्या गावाचं दूध नासतं आणि संकलन केंद्रावर भांडण लागतं.

खरवसवाले किंवा पावडरीसाठी घेणारे दारात आले, तर आधी वासराचं पोट आणि नंतर फ्रीजरमधली एक बाटली, मगच विक्री, हा क्रम ठेवा. चांगली संकरित गाय पहिल्या धारेला वासराला पुरून उरेल इतका चीक देते, त्यामुळे दोन्ही जमू शकतं. पण चार पैशांसाठी वासराला दुसऱ्या दिवसाचा हलका चीक पाजून पहिली धार विकली, तर तो तोट्याचाच धंदा. आज मेलेली कालवड म्हणजे अडीच-तीन वर्षांनी गोठ्यात न आलेली गाय. ती बाजारातून आणायला किती मोजावे लागतात, हे वेगळं सांगायला नको.

आणि विकताना खरं सांगा: कितव्या धारेचा, गायीला कोणतं औषध चालू होतं, किती वाजता काढला. भाव मागायचा असेल तर ब्रिक्सचा आकडा दाखवून मागा.

गोठ्याच्या भिंतीवर लावा

– व्यायच्या ६० दिवस आधी गाय आटवा, तारीख लिहा.
– आटलेल्या गायीला सावली, गार पाणी, खनिज मिश्रण.
– बुरशीचा चारा बंद.
– व्याल्याबरोबर कास धुवा, पुसा, स्वच्छ भांड्यात धार काढा. वार पडायची वाट बघू नका.
– वासराची नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा.
– पहिल्या २ तासांत वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा चीक पाजा. १२ तासांच्या आत पुन्हा.
– ब्रिक्स २२ च्या वर आहे का बघा.
– दगडी, रक्त, औषध असलेला चीक बाजूला काढा.
– जास्तीचा चांगला चीक तारीख टाकून गोठवा.

गाय अडली, वार पडली नाही किंवा वासरू चीक ओढत नसेल, तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पथकासाठी फोन करा.

धार काढणारा हात बहुतेक घरांत बाईचा असतो आणि मोबाईल पुरुषाच्या खिशात. त्यामुळे ही माहिती वाचून झाली की गोठ्यात काम करणाऱ्या माऊलीला नक्की वाचून दाखवा. चिकाचा कस तिच्याच हातून टिकतो.